नऊ वार, सात किलो

नऊवारी लुगडं आधी मधोमध विरतं. दोन्ही टोकं बरीच वर्षं शाबूत राहतात.

•

बर्गन गावात पाऊस लागला तर कुणी वर बघत नाही.

•

हुमनाबादच्या आडतीवर पोतं काट्यावर चढलं की मुनीम वजन ओरडून सांगतो. तो आकडा काट्यावरचा नसतो. तागाचं, मातीचं, काडीकचऱ्याचं म्हणून किलोभर आधीच वजा झालेलं असतं. त्याला कडता म्हणतात. मुनीम मनात वजाबाकी करत नाही. ती होऊनच तोंडातून बाहेर पडते.

•

वच्छलाबाईंनी दुबई पाहिली आहे.

•

आहेरात येणाऱ्या साड्या सुळसुळीत असतात आणि सहावारी असतात. नऊवारी नेसणाऱ्या बाईलाही त्याच येतात. त्या पेटीत जातात, पेटीतून पुढच्या लग्नाला जातात. नेसतं कोण, हा प्रश्न आहेराला कुणी विचारत नाही.

•

दोन महिन्यांचं करडू साधारण सात किलो भरतं.

•

आता सुरुवात.

२००९ साल. मूग-उडीद निघाले होते, तूर अजून हिरवी होती. हुमनाबादकडच्या मंठाळ गावच्या नागूबाईची लेक तेजश्री नॉर्वे देशात बर्गन गावी राहत होती. नवरा भीमराज तिथं जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. तेजश्रीचे दिवस भरत आले होते. पहिली खेप. घर एका खोलीचं, त्यात पाहुणा एकच मावणार. आईनं जायचं की सासूनं?

एकीचा व्हिसा नाकारला गेला तर दुसरी असावी म्हणून दोघींचे अर्ज केले होते. दोघींचे मंजूर झाले. पंचाईत तिथं झाली.

•

रविवार. मोबाईल ज्वारीच्या पोत्यावर उभा करून ठेवलेला, कारण मंठाळात त्या कोपऱ्यातच आवाज नीट येतो. नागूबाई पोत्यासमोर मांडी घालून.

"माय, ऐकायलीस का?"

"ऐकायले. बोल."

"तिकिटं दोन हायत. हैदराबाद ते ॲमस्टरडॅम एक, तिथून इकडं दुसरं. दोन्हीचा एकमेकाशी संबंध न्हाई. मोठी बॅग टाकली तर ती ॲमस्टरडॅमला पट्ट्यावरून उचलायची, बाहेर जायचं, पुन्हा रांग, पुन्हा आत. तेवढ्या वेळात दुसरं विमान निघून जातंय."

"मग मोठी बॅग न्हाई न्यायची."

"हातातली एकच. सात किलो. तीन महिन्यांचं समदं त्यात. जमंल?"

"सात किलो म्हंजी केवढं?"

"आपलं करडू असतंय बघ दोन महिन्यांचं. तेवढं."

"येवढंच व्हय? करडू खांद्यावर टाकून मी ह्या शिवारातून त्या शिवारात गेलेली हाय."

"करडाला कपडे लागत न्हाईत माय." तेजश्री हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई म्हणायल्यात त्या येतेत. त्यांच्याकडं पंजाबी ड्रेस हायत. दुबईला चार घेऊन गेल्त्या. हे म्हणायलेत, जिची बॅग सातात बसंल तिचं तिकीट काढू. येत्या रविवारी सांगायचं."

"पहिलं बाळंतपण आईचं असतंय."

"मला ठावं हाय. म्हणून तर तुला आधी फोन केला."

फोन बंद झाला. नागूबाईनं पोत्यावर हात ठेवला. पोतं पन्नास किलोचं होतं. त्यातलं सात किलो कुठपर्यंत येईल, ते ती हातानं मापू लागली.

•

नवऱ्याचं, भीमाशंकरचं, मत: "ड्रेस घाल की. तिथं तुला कोण वळखतंय?"

मुलाचं, अनिलकुमारचं, मत: "ड्रेसच. हलका ऱ्हातोय."

नागूबाईचं मत पायांत होतं. बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाय लांब करून बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायचं, बाळ नडग्यांवर पालथं घालायचं. पाणी सगळं पायांवरून वाहून जातं. ड्रेस घालून हेच केलं तर पाणी मांडीत साठतं, सलवार पायाला चिकटते, आणि बाळ घसरतं. कासोट्याशिवाय तिला हे काम येत नव्हतं, आणि ती तिथं तेच काम करायला जाणार होती.

पण मग लुगडं रोज भिजणार. आणि बर्गनमध्ये ऊन नाही.

"ऊन न्हाई म्हंजी?" भीमाशंकरनं विचारलं.

"म्हंजी न्हाई. तेजू म्हणती, पंधरा पंधरा दिवस."

"मग ती माणसं वाळवण कुठं घालतेत?"

नागूबाईनं बादली उचलली, दोरी शोधली.

•

शर्यत.

मैदान: धान्याची कोठी. खिडकी नाही. दार लावलं की दिवसा अंधार. बर्गनच्या सगळ्यात जवळ जाणारी मंठाळमधली जागा हीच.

खेळाडू: एक, नागूबाईचं रोजचं सुती लुगडं. दोन, तिचं ठेवणीतलं इरकली. तीन, तेजश्रीचा कॉलेजातला पंजाबी ड्रेस. चार, पेटीतली एक आहेराची साडी, जांभळी, घडी न मोडलेली.

चौघांनाही बादलीत बुडवून, पिळून, संध्याकाळी दोरीवर टाकलं. दार लावलं. अनिलकुमार ड्रेसच्या बाजूनं. भीमाशंकर इरकलीच्या बाजूनं, कारण ते त्यानं घेतलेलं होतं.

जेवणानंतर पहिली पाहणी. नागूबाईनं एकेकाला गाल लावून बघितला. सुती लुगडं: थेंब गळायलेत. इरकली: त्याहून वाईट. ड्रेस: वरून बरा, सलवारीचा नाडा चिंब.

"आन् जांभळी?"

"थांब."

पहाटे दुसरी पाहणी. सुती लुगडं थंडगार. इरकलीचा काठ अजून पाणी धरून. ड्रेस दमट, त्याला कोठीचा वास लागलेला. जांभळी साडी दोरीवरून आपोआप घसरून ज्वारीच्या पोत्यावर पडली होती. वाळल्यामुळं तिला दोरीवर राहवलंच नव्हतं. नागूबाईनं ती उचलली, तळहातावर घेतली, मूठ मिटली. जवळजवळ अख्खी साडी मुठीत.

"जिंकली," ती म्हणाली.

"पर माय, ती सहावारी हाय," अनिलकुमार म्हणाला. "तुला नऊ वार लागतंय."

नागूबाईनं मूठ उघडली, साडी पोत्यावर पसरली.

"पेटीत असल्या किती हायत?" नागूबाईनं विचारलं.

•

हिशेब असा: तीन साड्या. एक मधोमध कापायची. अर्धी एकीला जोडायची, अर्धी दुसरीला. सहा आणि तीन नऊ. सहा आणि तीन नऊ. दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. या टोकानं नेसलं तर पदर एका रंगाचा, त्या टोकानं नेसलं तर दुसऱ्या रंगाचा. म्हणजे लुगडी दोन आणि दिसायला चार. परकर लागत नाही, नऊवारीला तो कधीच लागत नव्हता.

नवं काहीच नव्हतं यात. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन चांगली टोकं शिवणं, त्याला दांड घालणं म्हणतात. घरोघरी घालत. पण दांड कशाला घालतात, हेही घरोघरी माहीत होतं.

•

सिद्धव्वाचं शिलाईमशीन देवळासमोरच्या ओट्यावर. ती घरात कानडी बोलते, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनशी कानडीच. साड्या बघून तिनं पायटा थांबवला.

"अय्यो शिवा! नव्या साड्या कापायलीस? आन् दांड घालायलीस?"

"व्हय."

"नागक्का, फाटल्यावर दांड घालतेत. हितं फाटलंय काय?"

"न्हाई."

"मग कामून?"

"लांबी पुरंना म्हणून."

"लेकीच्या बाळंतपणाला जायलीस, आन् दांडाचं नेसून? लोक म्हणतील भीमाशंकरची अवस्था वाईट झाली. मी न्हाई बाई हात लावत. बेडा, नको."

"तू नको लावू. कातर दे. मी हातानं घालते दोरा."

सिद्धव्वानं कातर दिली नाही. कापड तोंडाजवळ नेऊन उजेडात धरलं. मग दोन कडा एकमेकींत दुमडून बघितल्या, अंगठ्याच्या नखानं दाबल्या.

"हातानं घातलास तर हे कापड उसवतंय. चपटी शिवण पायजे, दोन्हीकडनं झाकलेली," ती म्हणाली. "सरक तिकडं. उजेड आडवायलीस."

•

पहिली चाचणी. अंगण. नागूबाई नव्या लुगड्यात, पदर जांभळा, निऱ्या पिवळ्या. वाळलेलं, हलकं, वाऱ्यावर फुगणारं. ती गोठ्यापर्यंत झपाझप चालत गेली, तिथून वळली, आणि अर्ध्या वाटेवर कासोटा सुटला.

सुळसुळीत कापड गाठीत राहीना. पुन्हा खोचला, पुन्हा सुटला.

भीमाशंकर बाजेवर बसून हे बघत होता. "इमानात सुटला तर डायव्हर उडी टाकतंय खाली," तो म्हणाला.

"तुमी गप बसा."

"गपच हाय. बघायलोय निस्तं."

नागूबाई लुगडं दोन्ही हातांनी धरून तशीच सिद्धव्वाच्या ओट्यावर गेली. दोघींनी बराच वेळ वाद घातला, अर्धा मराठीत, अर्धा कानडीत. नागूबाईचं म्हणणं, नाडी लावावी. सिद्धव्वाचं म्हणणं, नाडी लावली की ते लुगडं राहत नाही, तो परकर होतो. शेवटी नागूबाईचं जुनं सुती लुगडं काढलं, ज्याला धुऊन धुऊन कापसाचा मऊपणा आला होता. त्याच्या चांगल्या टोकाची वीतभर पट्टी कमरेच्या आणि कासोट्याच्या जागेला आतून लावली. सुती कापड अंगाला धरून राहतं. सुळसुळीत कापडानं बाहेर मिरवावं, सुती पट्टीनं आत धरून ठेवावं.

उरला लुगड्याचा विरलेला मधला भाग. तो टाकायचा नसतो. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागतं, नवं टोचतं. त्यातून झबली निघाली, लंगोट निघाले, टोपडी निघाली.

दुसरी चाचणी. गोठा, परत, पुन्हा गोठा. मग नागूबाई पळाली. वयाला शोभेल असं नाही, खरंच पळाली. कासोटा जागचा हलला नाही.

भीमाशंकर बाजेवरून उठला आणि गाईला वैरण टाकायला गेला, आणि जाताना हसत होता.

•

शनिवारी वच्छलाबाई उदगीरहून आल्या. भीमराजच्या आई. हातात मिठाईचा पुडा, डोळ्यांवर दुबईचा गॉगल.

"इहीणबाई, झाली का तयारी? मी म्हटलं बघून यावं."

"या की. बसा."

बॅग अनिलकुमारच्या कॉलेजची पाठीवरची सॅक होती. चाकाची बॅग आणली होती, पण ती रिकामीच निम्मं वजन खात होती, म्हणून परत गेली. सॅकच्या शेजारी दुसरं लुगडं घडी करून ठेवलं होतं. वच्छलाबाईंनी गॉगल वर केला.

"ही..." त्यांनी घडी उलगडली. "ही माझी मानाची साडी! तेजूच्या लग्नात मी तुमाला नेसवली ती!"

"व्हय, तीच."

"कापली?"

"कापली."

"लातूरच्या दुकानात अख्खी दुपार घातली मी हिच्यासाठी!"

"आन् मी तीन वर्सं डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवली. तुमीच सांगा, जास्त कुणी सांभाळली?"

"सांभाळली म्हणं! दांड घातलाय मधे! पोरीच्या घरी जायचंय का कुणाच्या दारात मागायला?"

सिद्धव्वा दारात उभी होती. ती मुद्दाम आली होती, पण मुद्दाम आल्यासारखं दाखवत नव्हती. अनिलकुमार पाण्याचा तांब्या घेऊन मधेच थांबला.

नागूबाई म्हणाली, "इहीणबाई, वढून बघा."

"काय?"

"दांड. वढा जोरात."

वच्छलाबाईंनी ओढला. मग पाय रोवून ओढला. मग शिवणीवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्या खाली बसल्या, लुगडं मांडीवर घेऊन.

"वजन कितीक हाय ह्याचं?"

"धरा की हातात."

त्यांनी धरलं. तळहातावर वरखाली करून बघितलं.

"माझी बॅग बसंना," त्या एकदम म्हणाल्या. "चार ड्रेस, दोन स्वेटर, चपलांचे जोड, निस्त्या पावडरीच्या डब्यांचंच किती झालं. तीनदा काढलं, तीनदा भरलं. नऊच्या खाली येईना. दुबईला मोठी बॅग होती, तिथं कळलंच न्हाई मला." मग लुगड्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यात माझी किती हाय?"

"तीन वार."

"म्हंजी तीन वार मी बी जायले म्हणा की."

"जायलीस की अक्का," सिद्धव्वा दारातून म्हणाली.

"मग मला पदराकडं ठिवा," वच्छलाबाई म्हणाल्या. "कासोट्यात खोचू नका."

त्यावर जो हशा झाला तो ओट्यापर्यंत गेला. भीमराजला फोन त्यांनीच लावला, पोत्यावर न ठेवता, मोठ्यानं ओरडून: "भीम्या! तिकीट इहीणबाईचं काढ. व्हय. मी बघितली बॅग. मी काय आंधळी हाय?"

•

निघण्याच्या आदल्या दिवशी अनिलकुमारनं सॅक हुमनाबादला नेली. बसवंतप्पांच्या आडतीवर, जिथं हे घर दरवर्षी उडीद घालतं. काट्यावर सॅक ठेवली. मुनिमानं वर न बघता आकडा ओरडला.

"साडेसहा!"

घरी येऊन अनिलकुमारनं तसंच ओरडून सांगितलं. अर्धा किलो शिल्लक! नागूबाईनं त्या अर्ध्या किलोत काहीच घातलं नाही. शिल्लक राहू दे, म्हणाली.

•

शमशाबाद, हैदराबादचं नवं विमानतळ. निरोप देणाऱ्यांना काचेच्या बाहेर थांबायचं असतं. अनिलकुमार काचेला कपाळ लावून उभा.

आत. रांग. काउंटरवरच्या मुलीनं सॅक काट्यावर ठेवायला सांगितली.

"आंटी, साडेसात है. सात से ऊपर नहीं ले जा सकते. बॅग नीचे डालना पडेगा."

नागूबाईला हैदराबादी येत होती. मराठी, कानडी आणि हैदराबादी तिच्या तोंडात एकाच वेळी असायच्या, लागेल ती पुढं यायची.

"नीचे नहीं डालना बेटी. नीचे डाले तो उधर दूसरा विमान निकल जाता. बेटी की जचगी है."

"तो कुछ निकाल दो ना आंटी."

काय काढायचं? झबली? स्वेटर? बाळाची दुपटी? ती काट्याच्या लाल आकड्याकडं बघत राहिली. सात आणि पाच. साडेसहा सांगितलं होतं. साडेसहा आणि साडेसात यांच्यात किती? एक. बरोबर एक. तिनं तीस वर्षं आडतीवर उडीद घातला होता. तो एक किलो तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

"कडता धरला मेल्यानं!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि हसली. बॅगेलाही पोतं समजून! मुनिमाच्या तोंडातून आकडा सरळ बाहेर पडणार तरी कसा?

रांगेतली माणसं बघायला लागली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "क्या हुआ आंटी?"

"कुछ नहीं. दो मिनट रुको."

नागूबाई बाजूला सरली. सॅकची चेन उघडली, दुसरं लुगडं बाहेर काढलं, झटकलं. नऊ वार रांगेसमोर उलगडले. मानाची पिवळी साडी आणि निळी साडी, मधे दांड. पाठीमागं बुरखा घातलेली एक बाई उभी होती. तिनं विचारलं, "पकडूं क्या अम्मा?" आणि उत्तराची वाट न बघता एक टोक धरलं.

नागूबाईनं अंगावरच्या लुगड्यावरून ते दुसरं नेसायला सुरुवात केली. कमरेला गाठ. निऱ्या, मोजून नाही, हाताच्या सवयीनं. मागं कासोटा, सुती पट्टी बरोबर जागेवर. वच्छलाबाईंचे तीन वार खांद्यावरून, ठरल्याप्रमाणं पदराकडं.

काचेपलीकडून अनिलकुमारला फक्त एवढंच दिसत होतं, की आई विमानतळावर भर रांगेत उभी राहून लुगडं नेसायलीय. तो दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता. नागूबाईला वाटलं, तो निरोप देतोय. तिनंही हात हलवला.

सॅक पुन्हा काट्यावर. आकडा थोडा इकडंतिकडं झाला आणि थांबला.

सहा आणि नऊ.

"अब तौल के देखो बेटी, बराबर है ना?"

मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. शेजारच्या काउंटरवरचा मुलगाही. बुरखेवाली बाई म्हणाली, "माशाल्लाह, दो दो साडी में भी क्या चलते!" मुलीनं सॅकला हातातल्या सामानाचा टॅग बांधला, गाठ दोनदा मारली.

पुढं तपासणीच्या पडद्यामागं महिला शिपाई चकित.

"अंदर एक और?"

"हां."

"कायकू?"

"उधर थंडी है."

हे खोटं नव्हतं.

•

ॲमस्टरडॅम. पिवळ्या पाट्या. तेजश्रीनं सांगितलं होतं: पिवळ्याच्या मागं जायचं, ए-बी-सी बघायचं, कुणी कितीही गोड बोललं तरी थांबायचं नाही.

शिक्का मारणारा साहेब काचेत बसलेला. तिनं फोनवर पाठ केलेली वाक्यं त्याला दिली, एक एक करून, पैलवानानं डाव टाकावेत तशी. डॉटर. बेबी. नाईंटी डेज. तो काहीतरी विचारत होता, हातानं मोठी बॅग ओढल्याची खूण करत. तिनं वळून पाठीवरची सॅक दाखवली. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि तिच्या मागं अजून काही आहे का बघितलं. काही नव्हतं. शिक्का बसला.

मग लांबलचक वाट. मधे सरकता रस्ता, त्यावर माणसं बॅगा घेऊन उभी. नागूबाई त्यावर चढली नाही. शेजारच्या साध्या जमिनीवरून चालली. कासोटा घट्ट, पाय मोकळे, पाठीवर करडाएवढं ओझं. सरकत्या रस्त्यावरचा एक कोट घातलेला माणूस मागं पडला. मग एक जोडपं मागं पडलं. मग मुलं ढकलगाडीत बसवून निघालेली एक बाई मागं पडली, तिच्याकडं बघून नागूबाई हसली. दुसऱ्या विमानाच्या दारापाशी ती पोचली तेव्हा तिथल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती बसली. पदर सारखा केला. आजूबाजूला बघून घेतलं, आणि मग एकटीच, कुणाला न सांगता, मांडीवर एक थाप मारली.

•

बर्गन. पाऊस. कुणी वर बघत नव्हतं.

भीमराज सामानाच्या पट्ट्यापाशी ढकलगाडी घेऊन तयार होता. पट्टा अजून सुरूही झाला नव्हता. त्या विमानातून सगळ्यात आधी बाहेर आली ती नागूबाई.

"आत्या, सामान?" सासूला तो आत्या म्हणायचा.

"आलं की."

"कुठंय?"

तिनं पाठ फिरवली.

भीमराजनं रिकामी गाडी बघितली, सॅक बघितली, एकावर एक दोन लुगडी बघितली. मग म्हणाला, "आत्या, चला लवकर. तेजूला पहाटेपासनं कळा यायल्यात. डॉक्टर म्हणायलेत आजच."

आजच. पट्ट्यापाशी थांबलं असतं तर. दुसरं विमान चुकलं असतं तर. नागूबाई ती ढकलगाडी जागेवरच सोडून भीमराजच्या पुढं चालायला लागली, दार कुठं आहे हे माहीत नसताना.

दवाखान्यात तेजश्री पलंगाची कड धरून उभी होती. तिला आधी रंग दिसला, जांभळा का निळा हे कळलं नाही, मग दुसरा रंग दिसला, मग आई.

"माय, आलीस?"

"आले."

"बॅग?"

"सहा आणि नऊ," नागूबाई म्हणाली. वरचं लुगडं तिथंच सोडलं, खुर्चीवर टाकलं, आतल्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "धर माझा हात. हां. आता सोडू नको. वरड, वरड की, हितं कुणाला मराठी येतंय?"

तेजश्री कळेत हसली आणि मग ओरडली.

संध्याकाळी मुलगी झाली. सुईणीनं तिला गुंडाळायला टॉवेल पुढं केला. नागूबाईनं मान हलवली, सॅकमधून सुती तुकडा काढला, आणि मुलगी त्यात घेतली.

•

तेजश्री झाली तेव्हा नागूबाईची आई मेंढरांमागं गोदावरीपलीकडं गेलेली होती. नात झाल्याचं तिला कळलं तेव्हा बारसं होऊन गेलं होतं.